दारावरचा आकडा

लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे करायचं, हे सोयरीक जुळली त्याच दिवशी ठरलं होतं. विहीणबाई हसत म्हणाल्या होत्या, "पहिलं तुमचं, पुढची सगळी आमची." बैठकीतले सगळे हसले. मी आत पोह्यांच्या बशा भरत होते. मला हसू आलं नाही, कारण तेवढ्यात मी मनातल्या मनात खोलीसुद्धा निवडून ठेवली होती.

नांदेडला आमची पिठाची गिरणी आहे. पुढे गिरणी, मागे घर. मागची एक खोली गिरणीच्या आवाजापासून जरा लांब पडते. तिला चुना मारून घेतला. बाज नव्याने विणून घेतली. माझ्या तीन जुन्या सुती लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या आणि अंगाला टोचेल अशी एकही गाठ वर येऊ दिली नाही. बाळंतशेपा, ओवा, डिंक, खारीक डब्यांत भरून ठेवली. लेक एकुलती एक. लग्न झाल्यापासून ती सलग दोन दिवसांच्या वर माझ्याजवळ राहिलेली नव्हती. बाळंतपणाला आली की तीन-चार महिने राहील, एवढं एकच मी धरून बसले होते.

सातव्या महिन्यात लातूरला डोहाळजेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. "आठव्यात आमच्यात पोरीला हलवत न्हाईत. सातवा सरायच्या आत घेऊन जावा." नवव्यात एवढा लांबचा प्रवास तिची डॉक्टरबाई करू देणार नव्हती. म्हणजे हातात एक आठवडा होता, आणि त्याच्या शेवटी अमावास्या येत होती.

आमची गाडी लहान, जुनी, दुसऱ्याची वापरलेली. तिचे टायर गुळगुळीत झाले होते. शिवाय ती बुटकी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लोकांनीच सिमेंटचा गतिरोधक करून ठेवला आहे, त्यावर दर वेळी तिचं पोट घासायचं. हे म्हणाले, "लेक दोन जिवांची हाय. असे दणके नको तिला. टायरच बदलून टाकतो." त्यांच्या मनात लेकीचंच होतं, हे मी आधी लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात सगळ्यांनी त्यांनाच बोल लावला.

टायरवाला आमच्या गिरणीचं जुनं गिऱ्हाईक. दर आठवड्याला त्याच्याकडून ज्वारी दळायला येते. त्याच्याकडे दुसऱ्या कुठल्या गाडीचे उतरवलेले चार टायर पडून होते. त्या मालकाने नवी गाडी घेतल्या घेतल्या हौसेने दुसरे टायर घातले आणि हे काढून टाकले. "नवेकोरे हायत मालक, अजून केससुद्धा गेले न्हाईत," तो म्हणाला. खरंच, त्यांच्यावर रबराचे बारीक केस तसेच होते. ते आमच्या गाडीला बसले. गाडी आडव्या बोटाएवढी उंच झाली. गल्लीतल्या गतिरोधकावरून ती आवाज न करता आली तेव्हा यांचं तोंड असं फुललं होतं की, मला वाटलं बाळ आजच झालं.

त्या दुपारी मी चारी चाकांची पूजा केली. लिंबं आणली, नारळ आणला. दर दसऱ्याला गाडीला हळदकुंकू मीच लावते. प्रत्येक चाकापुढे उकिडवी बसून बोटाने टिळा लावताना टायरवरची उठावदार अक्षरं बोटाला लागतात. मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत, पण आकडे येतात. ते मी गिरणीच्या विजेच्या मीटरवरून शिकले. त्यामुळे आमच्या चाकांवर काय लिहिलेलं असतं ते मला ठाऊक होतं. एकशे पंचावन्न, मग तिरपी रेघ, मग सत्तर, आणि शेवटी तेरा. मी कधी कोणाला हे सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

या टायरांवर एकशे पासष्ट होतं, ऐंशी होतं. तेरा तेवढं तेच.

कुंकवाचं बोट तसंच धरून मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. त्या दाराच्या चौकटीत कंपनीने चिकटवलेला एक कागद आहे. गाडी पुसताना त्यावरचे आकडे मी कितीदा वाचलेले. एकशे पंचावन्न, सत्तर, तेरा.

मला एकदम पुली आठवली. काही वर्षांपूर्वी गिरणीच्या मोटरची पुली फुटली, तेव्हा यांनी भंगारवाल्याकडून दुसरी आणून बसवली. जरा मोठी होती. "पट्टा बसला ना, मग झालं," असं हे म्हणाले होते. जातं जोरात फिरू लागलं आणि पीठ गरम निघू लागलं. ज्वारीच्या पिठाची विरी गेली, बायकांच्या भाकरी परातीतच चिरू लागल्या. चौथ्या दिवशी गल्लीतल्या बायका डबे घेऊन भांडायला आल्या. मला तेव्हापासून माहीत आहे की, एखादी गोल वस्तू जागेवर बसली म्हणजे ती त्या जागेची झाली असं नसतं.

जेवताना मी यांना म्हटलं, "टायरवरचा आकडा येगळा हाय."

"कशावरनं?"

"दारावर लिहिलंय त्याच्यावरनं."

हे जेवता जेवता थांबले. मग हसले. त्यांनी टायरवाल्याला फोन लावला आणि आवाज मोठा करून ताटाशेजारी ठेवला. मला वाटलं होतं, विचारतील. त्यांनी गंमत म्हणून सांगितलं.

"वैनी टायर वाचून राहिल्या की काय!" तो पलीकडून ओरडला. "त्यांला म्हणावं, चप्पल एक नंबर मोठी घातली म्हणून कोणी रस्त्यात पडत न्हाई. तेराला तेरा बसलं, हवा भरली, विषय संपला. अन् मालक, माझं दळण झालं का बघायला सांगा वैनीला. तेबी वाचूनच देतील."

दुकानातली माणसं हसलेली ऐकू आली. यांनीही हसून फोन ठेवला. मी ताटातली उरलेली आमटी भाकरीवर घेतली आणि खाली बघून जेवले. पुलीचं सांगायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण त्यात यांची जुनी चूक निघाली असती, आणि फोनवरच्या हसण्यानंतर माझ्या अंगात तेवढं बळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यावर स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढून खर्र आवाज येऊ लागला. हे परत दुकानात गेले. मी बाळासाठी टोपडी घ्यायला बाजारात निघाले होते म्हणून गाडीतच होते. टायरवाल्याने खाली वाकून पाहिलं आणि चाकाच्या वरच्या पोकळीतलं काळं प्लास्टिक पातं घेऊन कापून टाकलं. कापलेला तुकडा त्याने माझ्यापुढे धरला. "हे बघा वैनी, आता वाचायला आकडाच ठेवला न्हाई." मी पदर सावरून बाहेर रस्त्याकडे पाहत बसले. त्याचा माझ्यावर राग नव्हता. माझी गंमत करायची त्याला सवय लागली होती एवढंच.

मागच्या डिकीत स्टेपनी जुन्याच मापाची राहिली होती. ती बदलायची कोणाला आठवण झाली नाही. मला होती.

आठवड्यातले चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी सकाळी आम्ही दोघं लातूरला निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, गाडी कसलाही आवाज न करता पळत होती. मी कान देऊन बसले होते. हळूहळू मला वाटू लागलं की आपणच खुळ्या. लातूरला विहीणबाईंच्या दारात गाडी थांबली तेव्हा यांनी समोरचा किलोमीटरचा आकडा बघितला आणि मांडीवर थाप मारली. "दर येळंला एकशे चाळीसच्या वर भरतं. आज एकशे तीसबी भरलं न्हाई. बघ, लातूर जवळ आलं! लेक दहा-अकरा किलोमीटर जवळ आली तुझी."

चाक मोठं म्हणून कमी वेळा फिरलं. त्यामुळे आकडा कमी भरला. हे मला लगेच कळलं. तरी मी हसले. त्यांचं ते वाक्य मला खोटं पाडवेना.

विहीणबाईंनी सगळं रीतसर केलं. ओटी भरली, लेकीच्या हातावर दही दिलं. मग सामान बाहेर येऊ लागलं. लेकीची मोठी बॅग, तिची गादी, डोहाळजेवणाची भांडी, घरच्या तुरीच्या डाळीचं पोतं, हरभऱ्याचं अर्धं पोतं. "माहेरी जातीय म्हणून काय रिकामी पाठवू का?" विहीणबाई म्हणाल्या. डिकी बसेना तेव्हा जावयांनी गुडघा टेकवून लावली. जावई सोडायला येणार होते, ते पुढे बसले. मागे आम्ही मायलेकी. मी गाडीत बसायच्या आधी मागच्या चाकाकडे पाहिलं. त्याच्यात आणि वरच्या पत्र्याच्या कडेत माझी करंगळी गेली नसती.

"आई, बस ना," लेक म्हणाली.

मी बसले.

लातूर सोडायच्या आतच पहिला गतिरोधक आला आणि तिच्या बाजूने खालून घस्स झालं. ती दचकली नाही, तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. "कसला गं आवाज?"

"सामान हाय ना," मी म्हटलं.

पुढच्या खड्ड्यात पुन्हा घस्स. मग दर गावाच्या वेशीला. जावई मागे वळून म्हणाले, "मामा, मागून काहीतरी घासतंय."

"डाळीचं पोतं सरकत असंल," हे म्हणाले. पण त्यांनी वेग कमी केला. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते.

लेकीने माझा हात धरून पोटावर ठेवला होता. आत बाळ पाय मारत होतं, आणि खालून ती पत्र्याची कड रबर कापत होती. एका हाताला दोन्ही कळत होतं. मी 'थांबवा' म्हटलं असतं तर जावयांसमोर यांचा पाणउतारा झाला असता. थांबवून करायचं तरी काय होतं? सामान काढून रस्त्यावर ठेवायचं? मी मनात गावं मोजत होते. चाकूर येईल, मग अहमदपूर, मग लोहा. एवढं निघालं की घर. जळक्या रबराचा वास येऊ लागला, तेव्हा मी लेकीच्या बाजूची काच वर केली. तिला वास येऊ नये म्हणून. दुसरं काही मला सुचलं नाही.

चाकूरच्या अलीकडे गाडी एकदम बैलगाडीसारखी डुलायला लागली. यांनी स्टेअरिंग घट्ट धरून तिला हळूहळू कडेला आणलं. टायर फुटला नाही, बसला. लेक पोट धरून ओरडली होती, पण तिला काही झालं नव्हतं. मी तिला लिंबाखाली बसवलं, पाणी दिलं, पुन्हा पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "काही न्हाई आई, घाबरले तेवढी."

सामान उतरवलं, स्टेपनी काढली. जावयांनी काढलेलं चाक आणि स्टेपनी झाडाच्या बुंध्याला शेजारी शेजारी टेकवली. एक परात नि एक ताटली दिसावी तशी ती दिसली. बसलेल्या टायरच्या बाहेरच्या कडेला सगळीकडून चीर पडली होती, आतले धागे वर आले होते.

जावई बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिले. "मामा, हे टायर या गाडीचे न्हाईत का?"

"हायत की. नवे हायत."

"नवे हायत, पण याच गाडीचे हायत का?"

"तेराला तेरा हाय. बसतंय," हे म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की मला ऐकवेना. जावयांनी माझ्याकडे पाहिलं. ते मला विचारत नव्हते, नुसतं पाहिलं. आणि इतके दिवस गिळलेलं माझ्या तोंडातून बाहेर पडलं.

"दारावर लिहिलंय, बघा."

जावई उठले. दार उघडून त्यांनी कागद वाचला, परत येऊन टायर वाचला. मग हळू आवाजात म्हणाले, "मामी, तुम्हाला ठाऊक होतं?"

हे माझ्याकडे बघत होते. त्या दिवसातलं तेच पहिलं बघणं.

जावयांनी आईला फोन लावला. विहीणबाईंचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. आधी देवाचं नाव घेतलं, मग म्हणाल्या, "तिला घेऊन घरी ये. त्या गाडीत पुन्हा पाय ठेवू देऊ नको."

हे म्हणाले, "स्टेपनी लावतो, सामान कमी करतो, हळूहळू नेतो ना." जावई म्हणाले, "मामा, तीन चाकं मोठी अन् एक बारीक. असं नेणार तिला?" मग हे म्हणाले, "मग उद्या येतो. दुसरी गाडी करून येतो." फोनमधून विहीणबाई म्हणाल्या, "वाटेतनं माघारी आलेली पोर पुन्हा लगेच उंबऱ्याबाहेर काढत न्हाईत. परवा अमावास्या. मग आठवा लागला. आता राहू द्या. होईल इथंच."

होईल इथंच. दोन शब्द होते.

जावई चाकूरहून गाडी करून घेऊन आले. लेकीची बॅग, गादी, भांडी, पोती, सगळं त्या गाडीत गेलं. लेक माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, तू चल ना सोबत." मी जावयांकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली. विहीणबाई फोनवर एवढं बोलल्या, पण मलाही सोबत आण, असं म्हणाल्या नव्हत्या. बोलावणं नसताना जाऊन राहायची माझी छाती झाली नाही. मी म्हटलं, "घरी गिरणी हाय." लेकीने हात सोडला. तिला वाटलं असेल, आईला गिरणी जास्त.

ती गाडी लातूरकडे गेली. ती दिसेनाशी झाल्यावर यांनी स्टेपनी लावली आणि आम्ही नांदेडचा रस्ता धरला. गाडी मागच्या एका कोपऱ्यात खचलेली. मी मागेच बसले होते, पुढे जायचं सुचलं नाही. लोह्याच्या वेशीवर यांनी वेग कमी केला. मग म्हणाले, "तिथंच सांगायचं होतं का तुला?"

मी काय सांगणार? घरी सांगितलं तेव्हा हसले. तिथे सांगितलं तेव्हा लेक गेली. मधल्या वाटेत कुठे सांगायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी यांनी चारी टायर बदलून आणले. टायरवाल्याशी भांडले की नाही, मला माहीत नाही. त्याच्याकडचं दळण येतं, पण तो आता स्वतः येत नाही. गाडी दारात उभी करून यांनी मला हाक मारली. "वाच." मी बसून चारी चाकं वाचली. एकशे पंचावन्न, सत्तर, तेरा. मी मान हलवली. हे म्हणाले, "बरं." आणि आत गेले.

मुलगी झाली. लातूरलाच. पाचवीच्या पूजेला मला बोलावणं आलं. जावई फोनवर यांना म्हणाले, "मामींना बसनं पाठवा. गाडी नका आणू." यांनी बसस्थानकापर्यंत सोडलं आणि खिडकीतून म्हणाले, "सव्वा महिन्यानं पाठवता का, एवढं विचार. तू विचार. माझ्या तोंडानं न्हाई होणार."

मी बसमध्ये तेच वाक्य घोकत बसले. विहीणबाई, सव्वा महिना झाला की दोघींना पाठवता का? 'पाठवाल का' म्हणावं, की 'पाठवा' म्हणावं? 'दोघींना' आधी घ्यावं, की नंतर? अहमदपूरपर्यंत वाक्य नीट बसलं होतं. चाकूर गेल्यावर ते लिंबाचं झाड खिडकीतून मागे पडलं आणि माझं वाक्य मोडलं.

विहीणबाईंनी मला पाटावर बसवून जेवू घातलं. न्हाऊ घालायला बाई होती, शेक द्यायला बाई होती. डिंकाचे लाडू झालेले होते. मी नेलेला डबा त्यांनी त्यांच्या डब्यांच्या रांगेत ठेवला. लेक चांगली होती. बाळ माझ्या मांडीवर दिलं, ते झोपेत ओठ हलवत होतं. "तुमच्या लेकीवर गेलीय," विहीणबाई म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर कदाचित मला बोलता आलं असतं.

निघायच्या वेळी मी उंबऱ्याशी रेंगाळले. लेक बाजेवरून माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं की मी काहीतरी बोलणार आहे.

"काय म्हणायचंय का विहीणबाई?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं. "टोपडं जरा मोठं झालंय. पुढच्या महिन्यात बसंल."

संध्याकाळी घरी आले तेव्हा गिरणी बंद होती. हे बाहेर पायरीवर बसून वाट बघत होते. "कशी हाय लेक?" चांगली. "नात?" चांगली. मग, "विचारलंस का?"

मी मान हलवली. कशी हलवली ते मलाही सांगता येणार नाही. यांनी माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं आणि उठून आत जाऊन गिरणी सुरू केली. दळायला कोणाचा डबा नव्हता.